बादली न वाजवलेला तास

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होतील, माफ करा. चौथीनंतर पेन हातात धरला तो सहीपुरता. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागून घेतलेली बरी.

मी उदगीरच्या एका खाजगी हायस्कुलात शिपाई आहे. त्या दिवशी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, राऊंडला निघाल्या आणि मी बादली उचलली नाही.

बादलीचं असं. राऊंड म्हणजे बाई अचानक वर्गात जाऊन मागं बसतात, शिकवणं बघतात आणि लॉगबुकात शेरा लिहितात. पण अचानक काही नसायचं. बाई उठल्या की मी लोखंडी बादली फरशीवर आपटत पुढं जायचे. मला कुणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून सगळ्या सरांनी मिळून हे काम माझ्याकडं दिलेलं. बादली वाजली की मोबाईल खिशात, खडू हातात. शेरा: उत्तम.

माझी रेणुका तिथंच नववीत. गणितात वीसपैकी चार पडले. गणिताचे बिराजदार सर वर्गात पोरांकडून गाईडातली गणितं उतरवून घ्यायचे आणि घरी शिकवणी घ्यायचे. शिकवणीचे तीन हजार मी भरले होते, तरी चारच.

रेणुका म्हणाली, "आई, मला न्हाई जमत. शाळा सोडते. मीबी बादलीच घेते."

म्हणून बादली तशीच ठेवली. आवाज नको म्हणून चपलासुद्धा काढल्या. बाई नववीच्या वर्गात शिरल्या तेव्हा बिराजदार सर मोबाईलवर क्रिकेट बघत होते. शेरा अर्धं पान झाला.

बाहेर येऊन बाई म्हणाल्या, "मावशी, आज बादली बिघडली का?"

त्यांना सगळं ठाऊक होतं!

"उद्यापासून माझ्या जागी तुम्ही बसा. तुम्हाला कळलं तर पोरांना कळलं."

"बाई, मी चौथी!"

"म्हणून तर."

दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. सरांनी गुणोत्तर शिकवलं. मग दात खाऊन विचारलं, "मावशी, कळलं?"

समोर रेणुका मान वळवून बघत होती.

"न्हाई, सर."

वर्ग खदखदला. सरांनी पुन्हा सांगितलं. "आता?"

"न्हाई, सर."

तिसऱ्यांदा सरांनी खडू ठेवला. "खिचडी कशी टाकता, मावशी?"

"तीन वाट्या तांदूळ, एक वाटी डाळ."

"तांदूळ बारा वाट्या घेतला तर?"

"डाळ चार. लग्न कुणाचं हाय, सर?"

सरच हसले. "अहो, हेच गुणोत्तर!"

पोरांनी बाकं बडवली. मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. मला गणित आलं होतं!

पुढच्या तासाला आणखी एक आवाज आला, "न्हाई कळलं, सर." रेणुकाचा. मग दुसऱ्या बाकावरून, मग तिसऱ्या. सर घसा बसेपर्यंत शिकवायला लागले आणि घरी शिकवणीला कुणी जाईना.

सहामाहीला रेणुकाला चाळीसपैकी सत्तावीस. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना दोनदा चहा दिला, काहींना तीनदा.

मला विचाराल तर प्रत्येक वर्गात मागं एक न कळणारं माणूस बसवावं. खर्च काही नाही.

बाईंनी सरांना शिकवणीचे पैसे परत करायला लावले. सरांनी ते हप्त्यानं दिले. शेवटचे पाचशे हातात दिले नाहीत, माझ्या बादलीत ठेवून गेले. बादली कोरडी होती. तीन हजार पुरे झाले.