ओला तांब्या

ओला तांब्या दिसला की मला अजून ती आक्का आठवते. नामांतराचं आंदोलन चालू होतं त्या वर्षांत वालूरच्या शिवारात मी खुरपणीला तिच्या शेजारची पात, म्हणजे पिकाची ओळ, धरायचे. ती भुताच्या गोष्टी सांगायची, पण भूत कधी दाखवायची नाही. भर उन्हात हळू आवाजात एवढंच म्हणायची, "घरात कुणीच न्हाई. पन रांजणावरचा तांब्या वल्ला." आणि गप्प. बायकांचे हात जागच्या जागी थांबायचे.

"आक्का, मंग?"

"दम धरा. भूत काय पळून जायलंय का?"

एका वर्षी मी बाळंतपणातून नुकती उठले होते. कामाची गरज होती, पण कंबर वाकत नव्हती. "आज मागं राहिलीस तर उद्यापासून येऊ नको," असं मुकादमानं बजावलं होतं. त्या दिवशी तांब्यानंतर आक्का फारच वेळ गप्प राहिली. भीतीनं मी डोळेच मिटले. उघडले तर बाकीच्या बायकांचे हात तसेच थांबलेले, आणि ती माझ्या मागं पडलेल्या पातीत बसून भराभर गवत काढत होती. माझी पात सगळ्यांच्या बरोबरीला आल्यावर ती आपल्या जागी सरकली आणि म्हणाली, "मंग दार वाजलं."