मानपत्रातलं शेवटचं वाक्य

गुरुजींचा सत्कार करायचा ही टूम माझीच. दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही. सत्तर साल उजाडायच्या आसपासची गोष्ट. साक्रीच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागून मला तीन वर्षं झाली होती, आणि आपल्याइतकं चांगलं मराठी अख्ख्या धुळे जिल्ह्यात कोणी लिहीत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. शहाणाच मी मोठा!

मला पहिलीत अक्षरं गिरवायला लावली ती गुरुजींनी. माझ्या वडलांनाही त्यांनीच शिकवलं होतं. नोकरी संपून वीसेक वर्षं झाली, वयाची ऐंशी उलटली, तरी म्हातारा स्वस्थ बसेना. आठवड्याच्या बाजाराला डोंगराकडची माणसं डिंक, मोहाची फुलं, केरसुण्या घेऊन उतरायची. आईबाप विकायला बसले की पोरं नुसती भटकायची. गुरुजी त्यांना हाका मारमारून गोळा करायचे आणि कापसाच्या गोदामाच्या ओट्यावर बसवायचे. पाट्यांचं पोतं घरून स्वतःच्या खांद्यावर आणायचे. कोणी हात लावायला गेलं की खेकसायचे, "मी काय आजारी शे का रे?"

आठवड्यातून एकदाच भरायचा तो वर्ग, पण गुरुजींनी एक बाजार कधी चुकवला नाही. एकदा एक बाप पिंपळनेरची समजून धुळ्याच्या एसटीत चढत होता. त्याच्या आठ वर्षांच्या पोरीनं पाटी वाचली आणि धोतराला धरून त्याला खाली ओढलं. मी स्वतः पाहिलंय. गुरुजी त्या दिवशी भेटेल त्याला हेच सांगत सुटले होते.

सत्काराची समिती झाली. कापसाचे व्यापारी शेठजी अध्यक्ष झाले, शाल-श्रीफळ त्यांनी स्वतःकडून दिलं. मानपत्र लिहायचं काम मी मागून घेतलं आणि आठ दिवस त्यावर खपलो. गर्दी हवी म्हणून बाजाराचा दिवस धरला. मांडवाला जागा ऐसपैस हवी म्हणून गोदामाचा ओटा धरला. ती वेळ आणि ती जागा कोणाची आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या तरी यायला हवं होतं ना!

पोरं नेहमीसारखी आली. मी सतरंज्या अंथरत होतो. "आज काही नाही, पळा," म्हणून मीच त्यांना हुसकलं. गुरुजी गळ्यात हार घालून खुर्चीत बसले होते, ते पाहून अर्धवट उठले. शेठजींनी खांद्यावर हात ठेवून त्यांना मोठ्या प्रेमानं खाली बसवलं. "बसा गुरुजी, आजचा दिवस तुमचा."

भोंगा साऱ्या बाजारात ऐकू जाईल असा बांधला होता. मी मानपत्र वाचलं, आवाज लावून वाचलं. शेवट असा होता: आयुष्यभर झिजलेल्या या देहाला आता विश्रांती लाभो, आणि यापुढे गुरुजींना कोणी कसलीही तोशीस देऊ नये, हीच आपणा सर्वांची गुरुदक्षिणा. टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्याकडे मानपत्र मिळतं ते बदली झालेल्या नाहीतर निवृत्त झालेल्या माणसाला, आणि त्याचा शेवट विश्रांतीनंच होतो. मीही तो तसाच ठोकून दिला. ज्याचं काम अजून चालू आहे त्याला कसं लिहायचं, याचा विचारसुद्धा केला नाही.

पुढच्या बाजाराला सत्काराचा फोटो चौकटीत घालून मी ओट्यावर गेलो. पाट्या मांडलेल्या होत्या. गुरुजी एकटे होते. पोर एक नाही.

"जरा बघ बरं, कुठे खेळत बसली," ते म्हणाले.

मी बाजारात शिरलो. त्या एसटीवाल्या पोरीची आई डिंक विकत बसली होती, पोरगी शेजारीच होती. पोरीला का धाडलं नाही, म्हणून मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. बाई माझ्याकडे बघतच राहिली.

"तूच तं भोंगामा बोलना, भाऊ. गुरुजीले आते आराम पाहिजे. म्हातारं मानूस शे, तरास दिना तं पाप लागी."

तोंडात मारल्यासारखं झालं. तसं नव्हतं हो, ते नुसतं लिहायची पद्धत असते, असं काहीबाही मी बोलत राहिलो. पण भोंग्यातून, एवढ्या शेठ-साहेब लोकांसमोर सांगितलेलं खोटं कसं असेल, असं तिचं म्हणणं. पुढे पाच-सहा जणांना विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं, आणि सांगताना गुरुजींच्या नावानं हात जोडले. माया होती म्हणूनच पोरं ठेवून घेतली होती. रागानं ठेवली असती तर समजूत तरी काढता आली असती.

परत येऊन मी गुरुजींना सांगितलं, "तुम्हाला त्रास नको म्हणतात."

त्यांनी समोरची एक पाटी पुसून ठेवली. मग म्हणाले, "ते विश्रांतीचं कोणी लिहिलं होतं रे?"

खरं सांगायला दोन अक्षरं पुरली असती.

"समितीनं," मी म्हणालो.

माझं अक्षर त्यांनीच वळवलं होतं, आणि मानपत्र माझ्या अक्षरात त्यांच्या घरी भिंतीवर लागलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली, समोरच्या चार पाट्या बाजूला सारल्या आणि म्हणाले, "बस मग. आज जागा भरपूर शे."

मी बसलो नाही. शाळेला उशीर होतोय म्हणालो आणि फोटो तिथेच ठेवून निघालो.

दोन-तीन बाजार ते ओट्यावर येऊन बसले, मग यायचे बंद झाले. त्यानंतर गुरुजी आणखी नऊ वर्षं जगले. अगदी ठणठणीत.