छेरछेऱ्यापर्यंतची उधारी

डिसेंबरचा पहिला रविवार. तिघांची प्रवेश फी पंधराशे रुपये. हजर: मी, आमचे हे आणि माझा धाकटा दीर. राज्य नवं झाल्यापासून रायपूरच्या मोठ्या हॉटेलांत व्यापाऱ्यांच्या परिषदा वाढल्या होत्या. ही दिरानं शोधून काढली, कारण वक्ता आमचा आवडता. त्याच्या सीड्या आम्ही चौबे कॉलनीतल्या घरी जेवताना ऐकायचो. घराचा आणि दुकानाचा पैसा वेगळा ठेवा, हे त्याचंच सांगणं मी पाळलं आणि दुकान तगलं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं आकसानं लिहिलंय असं कुणाला वाटू नये.

आमचं दुकान भातगिरण्यांच्या सुट्या भागांचं. धान आलं की खेड्यातल्या लहान गिरण्या दिवसरात्र चालतात आणि नेमके तेव्हाच त्यांचे धान सोलणारे रबरी रोल झिजतात. मालकाच्या हातात त्या वेळी पैसा नसतो. तो रोल घेऊन जातो आणि छेरछेरा झाला की पैसे आणून देतो. पौष पौर्णिमेला पोरं दारोदार धान मागत फिरतात, तो हा सण. सासऱ्यांच्या वेळेपासून आमचा व्यवहार असाच चालत आला.

वक्त्यानं मंचावरून विचारलं, "उधार कौन देता है? हाथ उठाइए।"

सभागृह गच्च भरलेलं. उधारी न देणारा दुकानदार या गावात मला कुणी दाखवावा. तरी वर गेला तो माझा एकटीचा हात. शेजारी ह्यांनी आपले हात मांडीखाली घेतले.

"बहनजी, आप दुकान नहीं, धर्मशाला चला रही हैं।"

लोक पोट धरून हसले. माझा दीरही हसला. मग वक्त्यानं वर्षभराचा अभ्यासक्रम जाहीर केला. फी अठरा हजार, आणि फॉर्मवर पहिलीच अट: उद्यापासून उधारी बंद. दीर रांगेत पळाला, हे त्याच्या मागे. दुकानाचे पैसे माझ्या पर्समध्ये होते, म्हणून मी निवांत ताट वाढून घेतलं.

कोपऱ्यातल्या दोनच खुर्च्यांच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती. तिथूनच मी दिराला हाक मारली, "अरे, जेवण थंडं होऊन राहिलं!"

"मराठी का तुम्ही?" समोरून प्रश्न आला. पाहते तर वक्ताच. एकटाच दहीभात खात होता.

"हो. धर्मशाळावाली."

तो ओशाळून हसला. "राग आला, ताई?"

"आला. तुमचं एक ऐकून आमचं भलं झालं, म्हणून जास्त आला." मी त्याला छेरछेऱ्याचं सांगितलं. रोल आज दिला नाही तर गिरणी बंद. गिरणी बंद तर तो मला देणार कुठून?

"एखादा बुडवत असेल."

"बुडवतो. ते धरूनच भाव लावते."

"म्हणजे बुडव्याचा भार इमानदारांवर."

ते खरं होतं. मी म्हटलं, "आहे. पण इमानदाराची गिरणीही त्यातूनच चालते."

त्यानं चमचा खाली ठेवला. "तुमच्या दुकानापुरतं बरोबर असेल. पण मंचावर एकच वाक्य लागतं, ताई. दोन सांगितली की लोक उठून जातात."

तेवढ्यात दीर फॉर्म घेऊन आला, मागून हे ताट घेऊन. आम्हाला एका टेबलावर बघून त्याचा चेहरा उजळला. "सर, हमारी भाभी को समझाइए।"

मला वाटलं, आता तरी हा माणूस दुसरं वाक्य बोलेल. तो म्हणाला, "कोर्स तुमच्या उपयोगाचा आहे. भरून टाका."

"मग ती पहिली अट खोडून द्या," मी म्हटलं.

"फॉर्म छापील आहे, ताई."

"माझं 'नाही'सुद्धा छापीलच समजा."

"वहिनी, काहून अडून राहिल्या तुम्ही? एवढा मोठा माणूस सांगून राहिला!" दीर सगळ्यांसमोर ओरडला.

"तुझ्या वाट्यातून भर. दुकानातून एक रुपया मिळणार नाही. आणि उद्या दुकानावर जो रोल मागायला येईल त्याला तू नाही म्हणून दाखव, तोंडावर."

दीर ह्यांच्याकडे बघायला लागला. हे ताटाकडे बघत राहिले. वक्ता उठून हात धुवायला गेला.

दिरानं पुढं आठ दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, दोन गिरणीवाले आले. गल्ल्यावर दीरच होता. दोघंही उधारीवर रोल घेऊन गेले.

त्या हंगामात एकानं तेवीसशे बुडवले. दीर ते मला अजून ऐकवतो. बुडवणाऱ्याला मी पुन्हा उधार दिलं नाही. बाकी सगळ्यांना देते आणि देत राहीन. शहाणपण शिकवणारे पुष्कळ येऊन गेले, एकालाही आमची एखादी गिरणी पाहायला वेळ झाला नाही.

फीचे ते अठरा हजार मी त्याच सोमवारी, उधारीवर द्यायच्या रोलांसाठी, नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याला आगाऊ दिले. पूर्ण, रोख.