पाणी शिंपडलेले कागद

"खाली ठेव."

मी कागद खाली ठेवले. ऑफिसच्या उंबऱ्याबाहेर, फरशीवर. मग मागं सरलो. सरावंच लागायचं. आतून चपराशी रामदीन आला. हातात तांब्याचं फुलपात्र. त्यानं त्यात बोटं बुडवली, माझ्या कागदांवर पाणी शिंपडलं, मग कागद उचलले आणि आत टेबलावर नेऊन ठेवले. टेबलामागं बडे बाबू. त्यांनी मान वर केली नाही.

मी शाईच्या पेन्सिलीनं लिहायचो. ही पेन्सिल कोरडी असते तोवर करडी दिसते. पाणी लागलं की जांभळी होते आणि पसरते. मी दारात उभा राहून पाहत होतो. माझं अक्षर माझ्यासमोर फुटत होतं. जिथं थेंब पडला तिथं जांभळा डाग. डागाच्या आत अक्षर बुडालं.

मी म्हटलं, "बडे बाबू, पाण्यानं अक्षर फुटते."

ते म्हणाले, "फुटू दे. तुझ्या अक्षरासाठी मी माझा धर्म फुटू देऊ काय?"

आतले सगळे बाबू हसले. रामदीनही हसला. तो हसला ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. जबलपूरचे कारखाने रात्रंदिवस धडधडत होते. तोफांचे गाडे, ट्रकचे सुटे भाग, तंबू, दोरखंड, काय काय बनत होतं आणि सगळं परदेशी जात होतं. रेल्वेनं मुंबईला, तिथून जहाजानं बसऱ्याला, मिसरला, जिकडं गोऱ्यांची फौज असेल तिकडं. माणसं कमी पडत होती म्हणून मला घेतलं. नाही तर कोण घेतो? आमच्या वस्तीतला मी पहिला मॅट्रिक. आमची वस्ती रेल्वे लाइनच्या पलीकडं. बाप भंडाऱ्याकडून रुळाच्या कामाला आला होता, इथंच मेला. मला वाढवलं मायनं आणि मामानं. मामा कारखान्याच्या सायडिंगवर, म्हणजे मालगाडीच्या रुळापाशी, हमाल. वॅगनमध्ये पेट्या चढवायचा. त्यानंच मुकादमाच्या हातापाया पडून माझा अर्ज आत पोचवला. नोकरी लागली त्या दिवशी मला कमानिया गेटजवळच्या बाजारात घेऊन गेला, एक पांढरा सदरा घेऊन दिला. दुकानदाराला सांगत होता, "भैया, हमारा भांजा बाबू हो गया."

बाबू. मला आत बसायची जागाच नव्हती. बाहेरच्या व्हरांड्यात एक रिकामं खोकं उभं करून दिलं होतं. त्याच्यावर कागद ठेवायचा आणि उभं राहून लिहायचं. उन्हाळ्यात भाजणारी लू, थंडीत गार वारा. आत खुर्च्या रिकाम्या होत्या. मी मोजल्या नाहीत, पण पाहिल्या.

माझं काम असं. पॅकिंग शेडमध्ये जायचं. प्रत्येक पेटीचा नंबर, वजन, लांबी-रुंदी, आत काय आहे, कुठल्या बंदरात उतरवायची, हे सगळं लिहायचं. आणि शेवटच्या रकान्यात सूचना. काच आहे, वरच्या थरात ठेवा. आगीपासून दूर. ओलं होऊ देऊ नका. तेव्हा हुकूम होता की पेटीवर आत काय ते लिहायचं नाही. शत्रूच्या माणसाला कळू नये म्हणून. पेटीवर फक्त खूण आणि नंबर. बाहेरून सगळ्या पेट्या सारख्या. आत लोखंड आहे का काच, हे सांगणारा एकच कागद. तो मी लिहीत होतो.

खाली कार्बन लावून मी त्याच्या प्रती काढायचो. खालच्या प्रती मुंबईला जायच्या, जहाजवाल्यांसाठी. कार्बनवर पाण्याचा परिणाम होत नाही, त्या स्वच्छ राहायच्या. पेन्सिलीची वरची प्रत सामानाबरोबर सायडिंगवर. पाणी नेमकं तिच्यावर पडायचं.

हे मी एकदा बडे बाबूंना समजावून सांगितलं. दारातूनच. हात जोडून. म्हटलं, सायडिंगवरच्या कागदावरचं वाचता येत नाही, तो मी पुन्हा लिहून देतो, पण मग त्याच्यावर पाणी टाकू नका.

बडे बाबू आमच्याच भाषेचे. मराठी. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडं आले, हे ते सगळ्यांना सांगायचे. आतल्या हिंदी बाबूंशी हिंदी, कारखान्याच्या गोऱ्या साहेबाशी इंग्रजी. मराठी बोलायचे ती फक्त मला झाडताना.

म्हणाले, "जहाजवाल्यांना स्वच्छ प्रत जाते ना? मग झालं. सायडिंगवर कोण वाचणार? हमाल?"

मी खोक्याजवळ परत गेलो आणि लिहायला लागलो.

मग एक दिवस बॅटरीचं तेजाब, म्हणजे ॲसिड, आलं. लष्करी गाड्यांच्या बॅटऱ्यांत घालतात ते. मोठ्या काचेच्या बरण्या, भोवती गवत, वरून लाकडी पेटी. बसऱ्याला जाणार होतं. मी जपून लिहिलं. पेन्सिल दाबून लिहिलं. तेजाब. काच. वरच्या थरात. वर वजन ठेवू नये. कागद उंबऱ्याबाहेर ठेवला. रामदीन आला. पाणी पडलं.

दुपारी सायडिंगकडून ओरडा आला. मी खोकं सोडून पळालो.

टाली बाबू, म्हणजे सायडिंगवर पेट्या टिपून घेणारा, त्याला कागदावरचा रकाना लागला नव्हता. जांभळा डाग. पेट्या मोठ्या दिसल्या म्हणून त्यानं अंदाजानं सांगितलं, ये नीचे डालो, और वो लोहेवाला ऊपर. हमालांनी तेजाबाच्या पेट्या खाली रचल्या. त्यांच्यावर ट्रकच्या लोखंडी कमानपाट्यांच्या पेट्या चढवल्या. खालची लाकडं बसली. काच फुटली. वॅगनच्या आत माणूस वाकून पेट्या सरकवत होता. तो माझा मामा होता.

मी पोचलो तेव्हा तो खाली जमिनीवर होता. दोन्ही हात तोंडावर, आणि हातांवरूनही धूर निघाल्यासारखं होत होतं. तो ओरडत नव्हता. घशातून नुसता घुर्र घुर्र आवाज. हमाल ओरडत होते, "पानी! पानी!" टाली बाबूच्या शेडजवळ माठ होता. भरलेला. धर्मा हमाल त्याच्याकडं धावला. टाली बाबू आडवा आला.

"मटके को हाथ नहीं! नल पे जाओ!"

नळ इंजिनला पाणी भरायच्या जागी. सायडिंगच्या त्या टोकाला. धर्मा तिकडं पळाला. मी माठाकडं गेलो. टाली बाबूला धक्का दिला, तो शेडच्या भिंतीवर आदळला. माठ उचलला आणि मामाच्या तोंडावर रिता केला. एका माठानं काय होते? धर्मा बादली घेऊन आला तोवर मामाचा उजवा डोळा गेला होता. डावा अर्धा राहिला. हाताच्या बोटांची कातडी एकमेकांना चिकटली.

त्याच संध्याकाळी टाली बाबूनं तक्रार केली. माणूस जळाल्याची नाही. माठ बाटल्याची.

चौकशी साहेबाकडं गेली. जहाजाचा माल वाया गेला होता, वॅगन खराब झाली होती, मुंबईहून तारा येत होत्या. साहेबाला एक नाव पाहिजे होतं. बडे बाबूंनी मला व्हरांड्यात गाठलं. आवाज एकदम मऊ.

"हे बघ, साहेब विचारेल. तू एवढंच लिहून दे की अक्षर खराब होतं, हयगय झाली. मी सांभाळून घेतो. नोकरी राहील. आणि महिन्याभरात आत खुर्ची देतो तुला. कोपऱ्यात का होईना."

खुर्ची. मला ती पाहिजे होती, हे त्यांना ठाऊक होतं. रोज रिकाम्या खुर्च्यांकडं बघताना त्यांनी मला पाहिलं होतं.

घरी मायला सांगितलं. ती चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "सही करून दे बाप्पा. तुया मामाचे हात गेले. आता तूच कमावणारा हाय. त्यायच्याशी आपन कुठवर भांडाव?"

मी दवाखान्यात गेलो. मामाच्या डोळ्यांवर, हातांवर पट्ट्या. मी आलो हे त्याला पावलांवरून समजलं. मी सगळं सांगितलं. खुर्चीचंही. 

मामा म्हणाला, "कागदावर तू बरोबर लिवलं होतं का नाही?"

"बरोबर लिवलं होतं मामा."

"मंग काहून सही करून राहिला?"

मी म्हटलं, "पोटासाठी."

तो म्हणाला, "पोट मी हमाली करून भरलं तुयं. माया डोया तुया नावावर नोको मांडू. त्यायच्या नावावर मांड."

एवढंच. नंतर पाणी मागितलं. मी पाजलं.

चौकशी सिव्हिल लाइन्समधल्या साहेबाच्या बंगल्यावर झाली. साहेब टेबलाशी. बाजूला बडे बाबू, खुर्चीवर. मी पायरीवर. टेबलावर दोन्ही कागद होते, सायडिंगवरची डागाळलेली प्रत आणि मुंबईसाठीची खालची स्वच्छ प्रत. आणि तिसरा कागद, टाइप केलेला. माझा कबुलीजबाब. माझ्या हयगयीमुळे आणि गचाळ अक्षरामुळे, असं इंग्रजीत. खाली माझ्या सहीसाठी रेघ.

साहेब म्हणाला, "साइन करो."

मी म्हटलं, "साब, अक्षर मेरा साफ था. इन्होंने कागज पर पानी डलवाया. रोज डलवाते हैं. मैं अछूत हूँ इसलिए."

बडे बाबू इंग्रजीत म्हणाले, हा खोटं बोलतो. इंग्रजी मलाही येत होती.

साहेबानं दोन्ही कागद जवळ ओढले. एक पाहिला. दुसरा पाहिला. डागावर बोट फिरवलं. त्याला कळलं. मी शपथेवर सांगतो, त्याला सगळं कळलं. त्यानं बडे बाबूंकडं पाहिलं आणि बडे बाबूंनी नजर खाली घातली. मला वाटलं, झालं. आता खरं बाहेर आलं.

साहेब म्हणाला, "लड़ाई चल रहा है. बड़ा बाबू नहीं होगा तो जहाज का काम कौन करेगा? ये पानी-वानी तुम लोग का घर का झगड़ा है. साइन करो."

तोवर मला वाटत होतं की खरं समोर ठेवलं की माणूस मानतो. शाळेत असंच शिकलो होतो. त्या पायरीवर ते शिक्षण संपलं. यांना खरं माहीत नाही म्हणून हे असे वागत नाहीत. यांना माहीत आहे. माहीत असून यांना चालतं.

मी म्हटलं, "सही नाही करणार."

साहेबाला मराठी कळली नाही. बडे बाबूंना कळली. ते उठले. "नोकरी जाईल."

"जाऊ द्या. पाणी कोणाच्या हुकमावरून पडलं ते लिहा. मामाचं नाव लिहा. त्याचा डोळा गेला ते लिहा. मग सही करतो."

"तुला जेलमध्ये टाकतील."

"टाका."

जेलमध्ये टाकलं नाही. जेलमध्ये टाकायचं तर कारण लिहावं लागलं असतं. त्यांनी मला ऑफिसातून काढून सायडिंगवर पाठवलं. हमालीला. मामाच्या जागी. बडे बाबूंना वाटलं, पांढऱ्या सदऱ्याचा पोरगा पाठीवर पेटी घेईल तेव्हा आपोआप वाकेल.

सकाळी मी टोळीत जाऊन उभा राहिलो. धर्मा होता, बाकीचे होते. वॅगन लागलेली. टाली बाबूच्या हातात कागद. तो ओरडला, "चलो, उठाओ."

मी विचारलं, "अंदर क्या है?"

"तेरे को क्या करना है?"

मी टोळीकडं वळलो. सांगितलं, या कागदात लिहिलेलं असते आत काय हाय ते. लोखंड, तेजाब, बंदुकीची दारू, सगळं. जहाजवाल्यांना ते कळते. बंदरावर कळते. समुद्रापलीकडच्या गोऱ्या शिपायाला कळते. पेटी आपल्या पाठीवर चढते आणि आपल्यालाच कळत नाही. मामाला कळलं असतं तर तो आज इथं उभा असता.

धर्मा खाली बसला. मातीवर, फतकल मारून. मग त्याच्या बाजूचा बसला. मग सगळे.

मुकादम आला. शिव्या दिल्या. आईबहिणीवरून. लढाईच्या कायद्याखाली आत टाकीन म्हणाला. एकजण उठू लागला, धर्मानं त्याचं धोतर धरून खाली बसवला. ऊन चढलं. वॅगन रिकामी. मालगाडीचं इंजिन येऊन फुसफुसत उभं. मुंबईला जहाज थांबणार नव्हतं. शेवटी साहेब स्वतः आला. पेट्यांकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आणि टाली बाबूला म्हणाला, "पढ़ो."

टाली बाबूनं कागद वाचला. एकेका नंबरला, मोठ्यानं, आमच्याकडं तोंड करून. ज्यानं मामाला माठ नाकारला त्याच तोंडानं. आम्ही ऐकलं. मग उठलो आणि पेट्या चढवल्या.

संध्याकाळी मला फाटकाबाहेर काढलं. कायमचं. माय रडली. मामा बरा झाला नाही, तो होणारही नव्हता. बडे बाबू पुढं मानानं निवृत्त झाले, हार घालून. टाली बाबू तिथंच राहिला. कोणालाही काहीही झालं नाही. ऐकणाऱ्यांना आवडत नाही म्हणून हे मी गोड करून सांगणार नाही.

मी पुढं रेल्वेच्या माल धक्क्यावर लागलो, लाकडाच्या वखारीत लागलो, कुठं कुठं लागलो. प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशी तेच केलं. हमालांना गोळा केलं आणि मालकाच्या माणसाला विचारलं, आत काय आहे. कुठं मारलं, कुठं हाकललं. काही ठिकाणी सांगितलं.

अजूनही तेच करतो आणि मरेस्तोवर करीन. मी कुणाला विनंती करत नाही, कुणापुढं हात जोडत नाही. माझ्या माणसाच्या पाठीवर जे चढवायचं आहे ते आधी त्याच्या तोंडासमोर उघड सांगायचं. नाही सांगणार तर पेटी जमिनीवर राहील. गाडी खोळंबो, जहाज बुडो, तुमची लढाई फसो. आम्ही उठणार नाही.