साखळीच्या रिळावर साहेबाचं नाव

वेल्डर भावांनो, आज डोकंच सनकलं माझं!

एटापल्लीजवळच्या लाकूड डेपोसाठी मी ओंडके ओढायच्या साखळीची रिळं बनवली. जाड सळईची, एकावर एक बसणारी. मधात मोठं भोक ठेवलं, कारण तिथले मजूर लालसूभाऊ अन् त्यांचा जोडीदार त्यातून बांबू घालून रीळ खांद्यावर नेतात.

आज पाहतो तर डेपोच्या साहेबानं दोन्हीकडून पत्रा मारून भोक बुजवलं. पत्र्यावर स्वतःचं नाव!

"बांबू कुठून घालू जी?" लालसूभाऊनं विचारलं.

"डोक्यावर न्या," साहेब म्हणाला.

"पयले तुम्ही उचलून दाखवा," मी म्हटलं. साहेब हातही लावून नाई राह्यला.

मग मी कटर काढला अन् दोन्ही पत्र्यांत नावाच्या बरोबर मधात भोक पाडलं. आता बांबू साहेबाच्या नावातूनच जाते.

सांगा, माझं काई चुकलं काय?