वरच्या कोपऱ्यातली बोडी

बोलण्याआधी दोनदा थाप. माझ्या दुकानाच्या काउंटरवर, चहाच्या टपरीच्या पत्र्यावर, समोरच्याच्या पाठीवर, हाताला जे सापडेल त्यावर तळहात दोनदा पडायचा आणि मग वाक्य बाहेर यायचं. एकच थाप पडली तर समजायचं, आता पुढच्यानं गप्प बसायचं आहे. पस्तीस वर्षं खासगी बसच्या पत्र्यावर वाजलेला हात तो. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

बालाघाटच्या बसस्टँडवर त्यांना सगळे कंडक्टर भाऊ म्हणायचे. खऱ्या नावानं हाक मारली तर ते दुसऱ्याच कोणाला तरी शोधायला मागे वळून बघत. खैरलांजीच्या फेरीला छतावर सायकली, पोत्यांवर माणसं आणि माणसांच्या मांडीवर कोंबड्या असायच्या, तरी दारातून यांचा आवाज यायचा, "जागा हाये. मागं सरका." लोक म्हणत, खोटं बोलतो. मी सांगतो, खोटं नव्हतं ते. त्यांना जागा खरोखर दिसायची. निवृत्त झाल्यावर ते माझ्या मोबाइलच्या दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसू लागले, आणि तिघांच्या त्या बाकावर त्यांनी रोज पाच जणांना बसवून दाखवलं. पाचवा बहुधा मीच असायचो, स्वतःचं दुकान सोडून.

त्यांना जुना फोन मीच विकला. आधीच्या मालकानं त्यात शेतीचा एक खेळ तसाच सोडून दिला होता. चित्रातलं वावर, चित्रातलं घर, चित्रातला शेतकरी. मी म्हटलं, द्या इकडे, मिटवून टाकतो. त्यांनी काउंटरवर एकच थाप मारली.

"कोणाचं तरी उभं पीक हाये, बापा. वाळू कसं देऊ?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून आमचे कंडक्टर भाऊ चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून परक्याच्या पिकाला पाणी घालू लागले. खेळ इंग्रजीत होता. वाचून सांगायचं काम माझ्याकडे आलं, आणि तुम्ही मला ओळखत असाल तर कळेल, असं काम मी कधी नाकारत नाही.

पीक निघालं. मग त्यांनी पहिलं स्वतःचं काम काय केलं असेल? वावराच्या वरच्या कोपऱ्यात तळं खणलं. आमच्याकडच्या धानाच्या गावातला माणूस दुसरं काय करणार! आमच्याकडे बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या खाचरांच्या, माथ्यावर एक लहान तळं असतं, त्याला बोडी म्हणतात. पावसाचं पाणी तिथं साठतं आणि पाऊस रुसला की पाळ थोडी फोडून खाली पिकाला सोडतात. कंडक्टर भाऊंनी खेळात बोडी खणली आणि निवांत बसले. आता पाणी येईलच खाली. तीन दिवसांत सगळं पीक वाळलं.

मी त्यांना समजावलं की या खेळात वरती-खालती असं काही नाही. पाणी झारीनंच घालावं लागतं. तळं फक्त मासे पाळायला आहे. त्यांनी फोन जरा तिरका करून बघितला, सरळ करून बघितला, आणि निकाल दिला.

"ज्यानं बनवलं, त्यानं बोडी पाह्यली नाही."

तरी त्यांनी ती बुजवली नाही. त्यात आपल्या बोडीतल्यासारखी दिसणारी साधीसुधी मासोळी सोडली. मी महागड्या माशाचं नाव सुचवलं होतं, तर म्हणाले, तो आपल्याकडला नाही, त्याला करमणार नाही. या खेळातल्या तळ्याची आणखी एक गंमत आहे. मासे थोडे वाढतात आणि मग अडून बसतात. काठावर पाटी लागते, आम्हाला अमुक हवं. ते आणून दिलं तरच पुढे वाढतात. मी पहिली पाटी वाचून दाखवली, तेव्हा कंडक्टर भाऊंनी चष्मा वर सरकवून ती पुन्हा बघितली.

"जनमभर बोडीतल्या मासोळ्या खाल्ल्या," ते म्हणाले. "एकीनं मले कधी काही मांगतलं नाही."

त्या दिवसापासून त्यांची शेती मागे पडली. मासोळ्यांना काय हवं, ते शोधण्यात खेळातला शेतकरी रानोमाळ हिंडू लागला. चहावाल्या वहिनी विचारायच्या, "काय मांगते आज तुमची मंडळी?" जशा काही माहेरवाशिणी आल्या होत्या.

एका मंगळवारी त्यांचा धाकटा भाऊ आला. त्याला ते लहान्या म्हणत. लहान्या म्हणजे साठीला टेकलेला, पांढऱ्या मिशांचा, खांद्यावर दुपट्टा टाकलेला गृहस्थ. खैरलांजीकडच्या गावात दोघांचं वावर, ते लहान्या कसायचा. माथ्यावर बोडी होतीच, खरीखुरी, पाण्याची. लहान्या बाकावर टेकला आणि थेट मुद्द्यावर आला.

"दादा, बोअरले पाणी लागलं. आता बोडीचं काय काम? नुसती जागा खाऊन राह्यली. बुजवली त दोन बांध्या निंघतात. मशीनवाल्यासंग बोलणं झालं हाये, तू फक्त हौ म्हण."

 कंडक्टर भाऊंनी फक्त फोन त्याच्यापुढे धरला, जणू कोर्टात पुरावा दाखवत होते. पाह्य, इथं बी बोडी हाये. लहान्या मुरलेला शेतकरी. त्यानं एक नजर टाकली आणि म्हणाला, "यात त तुले घाटाच हाये, दादा. एवढ्या जागेत गोबी लावली असती त वावर भरलं असतं."

बघा मंडळी, खऱ्या बोडीबद्दल जो माणूस गप्प बसला, तो चित्रातल्या बोडीसाठी उसळला. दोन थापा पडल्या. "लाव मंग तू गोबी. खेळातल्या एका वर्सात कोणाचं उत्पन्न जास्त, पाहू. तू जिंकला त आण तुही मशीन. मी जिंकलो त बोडीचं नाव काढाचं नाही."

अशा वेळी शहाण्या माणसानं मध्ये पडावं, दोघांना चहा पाजावा, समजूत घालावी. मी लहान्याचा फोन हातात घेतला आणि त्यात तोच खेळ टाकून दिला. वर स्वतःला पंचही नेमलं. नियम केला की पंच आपणहून काही सांगणार नाही, कोणी विचारलं तरच सांगेल. रोज थोडं थोडं खेळलं तर महिन्याभरात खेळातलं वर्ष सरणार होतं. तोवर मशीनवाल्याला थांबायला सांगितलं.

आता या खेळात तळं परवडतं का, हे मला पंच म्हणून सांगणं भाग आहे. नाही परवडत. जागा भरपूर खातं, देतं हळूहळू. महागडा मासा पाळून त्याच्या अंड्यांचं काहीबाही करून विकलं तर कुठे बरोबरी होते. आणि आमच्या माणसानं सोडली होती साधी मासोळी.

त्यात ती अडली. पाटीवर मध मागितला होता. मध जंगलात झाडावर असतो, ही कंडक्टर भाऊंची पक्की समजूत. बैहरच्या जंगलातून मध घेऊन येणारी माणसं त्यांनी बसमध्ये चढवली होती. त्यांचा शेतकरी रोज खेळातल्या जंगलात जायचा आणि एकेक झाड वर बघून परत यायचा. पीक तिकडे तहानलेलं. मला विचारायचं त्यांच्या मनात आलं नाही, आणि मी नियमाला बांधलेला! असला शिस्तीचा मी आयुष्यात कधी नव्हतो.

लहान्या मात्र गावाहून फोन करून विचारायचा. फवारा कसा बसवतात, बी कुठून घेतात. एकदा विचारलं, "भाऊ, थे मधाची बाटली कोठी भेटते?" मी सांगितलं, घराजवळ मधमाश्यांची पेटी ठेवावी लागते. मनात म्हटलं, हा आता मधही विकणार. आमचे भाऊ हरले.

महिना संपत आला, तेव्हा एका दुपारी मला राहवलं नाही. बाकावर आम्ही दोघंच होतो. मी नियम मोडला. म्हटलं, भाऊ, अजून आठ दिवस आहेत. खेळातली बोडी बुजवा, तिथं गोबी लावा, कदाचित गाठाल त्याला.

त्यांनी थाप मारली नाही. मी त्यांना थाप न मारता बोलताना ऐकलं, ते तेवढं एकदाच.

"बोडी बुजवून बोडी वाचवू काय मी?"

 मग ते रस्त्याकडे बघत म्हणाले की, बस त्यांच्या वावराशेजारून जायची. सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना ते दारातून डोकं काढून बोडीचं पाणी बघायचे. किती चढलं, किती उतरलं. काठावर मोहाचं झाड आहे, त्याच्या सावलीत कोणाची ना कोणाची म्हैस बसलेली असायची. म्हशीचा त्यांना हेवा वाटायचा.

"पस्तीस वर्सं उभाच होतो ना, बापा," ते म्हणाले. "आता मले तिथं बसाचं हाये."

निकालाचा दिवस मंगळवारच होता. वहिनींनी चूल वाऱ्यावर सोडली. बाकावर सात जण होते, कसे ते कंडक्टर भाऊंना माहीत. मी दोन्ही फोन काउंटरवर ठेवले, घसा साफ केला, एक घोट पाणी प्यालो. आधी कंडक्टर भाऊंचा फोन उघडला. बेताचं उत्पन्न, अर्धं पीक सुकलेलं, बोडीत पाच मासोळ्या. मग लहान्याचा उघडला. उत्पन्न कितीतरी जास्त. शंकाच नव्हती.

मी जाहीर केलं, लहान्या जिंकला. कोणीही टाळी वाजवली नाही. गंमत म्हणजे लहान्याही खाली बघत होता. त्यानं फोन उचलायला हात पुढे केला, जरा जास्तच घाईनं. माझ्यातला पंच जागा झाला. मी फोन मागे ओढला आणि त्याचं वावर बोटानं सरकवून नीट बघितलं. गोबीच्या रांगा, फवारे, पुन्हा गोबी. आणि वरच्या कोपऱ्यात एक निळा चौकोन.

मी फोन कंडक्टर भाऊंच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला.

"हे काय हाये, लहान्या?"

"बोडी."

"कवा खणली?"

"दुसऱ्याच हप्त्यात."

"काहून?"

लहान्यानं दुपट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "वावर उघडं उघडं दिसे, दादा. माथ्यावर काही नसल्यावानी." मग त्यानं हळूच विचारलं, "तुह्या किती झाल्या मासोळ्या?"

"पाच. अडल्या. मध पाह्यजे म्हणते."

"मह्या सात हायेत. मध जंगलात नाही भेटत, दादा. घरापाशी पेटी ठेवा लागते. सरक, दाखवतो."

आणि मंडळी, जिंकलेला माणूस हरलेल्याला बाकावर सरकवून त्याच्या फोनमध्ये मधमाश्यांची पेटी ठेवून देऊ लागला. दोन पांढऱ्या मिशा एका काचेवर वाकलेल्या. वहिनींचं दूध उतू गेलं, त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पेटी लागल्यावर लहान्या मान वर न करताच म्हणाला, "मशीनवाल्याले मी सांगतो, दुसरं काम पाह्य म्हणून."

त्याच्या पाठीवर दोन थापा पडल्या. जोरात. त्याला ठसका लागला.

पेरणीच्या आधी कंडक्टर भाऊ गावी राहायला गेले, बायकोला आणि एका लोखंडी पेटीला घेऊन. मोहाच्या झाडाजवळ लहान्यानं खोली बांधून दिली आहे म्हणे. जाताना त्यांनी माझ्याकडून साधा बटणांचा फोन घेतला आणि जुना फोन काउंटरवर ठेवला. म्हणाले, तिकडे खरी बोडी आहे, दोन-दोन कोण सांभाळणार? मी म्हटलं, मग मिटवून टाकू? एक थाप पडली. मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटली.

"पाणी घालत जा," ते म्हणाले. "अन् पाटी लागली त मासोळ्यांले काय पाह्यजे ते देत जा."

तेव्हापासून दुपारी चारच्या सुमाराला, गिऱ्हाईक समोर उभं असताना, मी झारी घेऊन परक्याच्या वावरात हिंडत असतो. वहिनी हसतात. हसू देत. बाक मात्र बदलला आहे. आता त्याच्यावर तिघंच मावतात. आम्ही पुष्कळ सरकून बघितलं, चौथा बसतच नाही.

मागच्या आठवड्यात मासोळ्या पुन्हा अडल्या. या वेळी लोणच्याची बरणी मागत होत्या. घरात एकच बरणी होती, खेळातल्या घरात, आणि ती विकली तर चांगला भाव येणार होता. माझ्यातला दुकानदार जरा घुटमळला. मी गावी फोन लावला. पलीकडे बेडूक ओरडत होते, कोणीतरी म्हैस हाकत होतं. मी अडचण सांगितली.

"तळ्यात जागा हाये काय अजून?" त्यांनी विचारलं.

"आहे की."

"मंग इचारतं काय?"

 बसल्या जागी हाताला काय सापडलं कोण जाणे, खाटेचं लाकूड असेल, मोहाचं खोड असेल. फोनमधून दोन थापा ऐकू आल्या. मी बरणी तळ्यात सोडली.