डोंगरचा भुंगेरा आणि खोऱ्यातला भुंगेरा

ओब्दूलिया लग्न होऊन डोंगरातून ओलांचोच्या खोऱ्यात आली ती आईच्या लाल घेवड्याचं अर्धं पोतं घेऊन. "हाच घेवडा तिथं पेरून दाखवीन," असं आईला बोलून आली होती बाई. पोतं अर्धंच का, तर लोळवायला बरं. डोंगरात बाया सकाळ-संध्याकाळ पोतं लोळवतात. तिथला भुंगेरा करडा, दाण्यांत अंडी नुसती सांडून जातो. अळी निघाली की शेजारच्या दाण्याला पाठ टेकून भोक पाडायला लागते. पोतं लोळवलं की तिचा टेकूच सुटतो, मरते उपाशी.

इथंही ती लोळवत राहिली. सासू तिमोतेआ दारात मक्याची कणसं सोलत हसायची, "काय गं सूनबाई, पोराला झोपवतेस होय?"

महिन्याभरात पोत्यातून पीठ गळायला लागलं. कितीतरी दाण्यांना गोल भोकं!

"घ्या! आईची विद्या इथं नाही हो चालत. घाल डुकरांना, नि पेरायला माझा घे."

ओब्दूलिया रडली, पण डुकरांना काही घातला नाही. दाणे घेऊन उन्हात बसली. बघते तर भुंगेरा वेगळाच! बुटका, काळा, पाठीवर पांढरे डाग. आणि दाण्यांवर मोहरीहून बारीक ठिपके, नखानं खरवडले तरी निघेनात.

"अगं बया, हा अंडी चिकटवतोय!"

मग अळीला टेकू कशाला हवाय? अंड्याखालूनच दाण्यात शिरायची. पोतं किती का लोळवा!

ठिपक्यांचे दाणे वेचून तिनं त्याच दिवशी शिजवून टाकले. उरले टोपलीभर. त्यांना तळहातावर तेल घेऊन ओंजळ-ओंजळ चोळलं. नजरेतून एखादं अंडं सुटलं असलं, तरी तेलानं त्याचा जीव गुदमरतो.

"आता मालिश! घेवडा बाळंत झालाय का गं?"

"हसा सासूबाई. पेरणीला बघू."

पेरणीला सासूनं आपलं मडकं उघडलं, तर नुसती टरफलं नि भुगा. ओब्दूलियाचा टोपलीभर घेवडा मात्र जसाच्या तसा. सासू पदर पसरून उभी, "दे की गं मूठभर."

तिनं अर्धी टोपली दिली. दोघींचंही रान लाल शेंगांनी लवलं. पहिली ओंजळ आईकडं डोंगरात गेली.

त्या सुगीला सगळ्या आळीच्या बाया तेल घेऊन अंगणात जमल्या. मधोमध तिमोतेआ, कोपरापर्यंत तेलकट, सगळ्यांवर ओरडतेय, "असं गोंजारू नका, दाबून चोळा! माझ्या सुनेनं शोधलंय हे!"